दोन किलो पितळ

ये, बस. तुझा वजनकाटा दुरुस्त झालेला नाही अजून. स्प्रिंग ताणून ताणून तू तिचा जीव काढलायस. पण ते राहू दे. आत्ता आल्या आल्या तू काय विचारलंस? "गाजर-बीट न्यायचं बंद का केलंस रे, माझ्यावर रागावलास का?" हेच ना? तू भाजीवाला, तुला तुझ्या गाजराची काळजी. मग तो स्टूल ओढ आणि सगळं ऐकूनच जा. त्याचा एक पाय आखूड आहे, जरा डावीकडं झुकून बस. तुझ्या गाजरानं माझं काय करून ठेवलं ते तुला कळलंच पाहिजे. आणि मध्ये हसायचं नाही. हसलास तर काटा तसाच परत देईन.

आमच्या हिला ते दुखणं निघालं हे तुला माहीत आहे. ऑपरेशन झालं, गाठ काढली, मग ती औषधं सुरू झाली, खुर्चीत बसवून बाटली लावतात ती. केस गेले. ते तिनं हसण्यावारी नेलं. मला म्हणाली, "माझा कंगवा आता तुम्हीच घ्या," मग माझ्या डोक्याकडं बघून म्हणाली, "पण तुम्हाला तरी काय उपयोग त्याचा." अशी बाई. पण पुढं जेवण सुटलं. तोंडात सारखी लोखंडाची चव. म्हणायची, "तुमच्या दुकानातले स्क्रू चघळतेय असं वाटतं." दोन घास घेतले की ताट सरकवायची.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई फार बोलत नाहीत. दारातच थांबवून मला म्हणाल्या, "औषध वजनाच्या हिशोबानं देतो आम्ही. वजन असंच घसरत राहिलं तर पुढचा डोस पुढं ढकलावा लागेल आणि ते आपल्याला परवडणार नाही. खायला घाला त्यांना."

आता तूच सांग, वजन! आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? सोनाराचा काटा असो नाहीतर भंगारवाल्याचा, ह्या हातातून गेल्याशिवाय खरं बोलत नाही. म्हटलं, हे तर आपल्याच खात्यातलं काम आलं. मी छाती काढून विचारलं, "काय खायला घालू?" त्या म्हणाल्या, "ते आहारवाल्या मॅडम सांगतील, चार नंबरची खिडकी," आणि गेल्या.

चार नंबरची खिडकी बंद. तिथला माणूस म्हणाला, आधी वॉर्डाची चिठ्ठी आणा. वॉर्डात गेलो, तर म्हणाले चिठ्ठीवर आजचं वजन लागतं, आणि वजन फक्त डोसच्या दिवशी होतं. म्हटलं, बरं, डोसच्या दिवशी येतो. तर म्हणाले, डोसच्या दिवशी मॅडम दुसऱ्या इमारतीत असतात. मी म्हटलं, "मग ह्या मॅडम कुणाला भेटल्या आहेत का आजवर?" तो म्हणाला, "तक्रार असेल तर सहा नंबरची खिडकी." सहा नंबरच्या खिडकीत एक मांजर झोपलं होतं.

तेव्हा मी घरी आलो, आणि तिथं माझं चुकलं. जिन्यात मला वरचे मास्तर भेटले आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि मी सांगितलं.

अरे, जिन्यात सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं. तासाभरात आमच्या घरात बसायला खुर्ची उरली नाही. मास्तर वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. म्हणाले, "साखर! सगळं मूळ साखरेत आहे. वाचा." मी वाचलं. कात्रण अर्धंच होतं. 'साखरेमुळे कर्करोगाच्या पेशी' इथवर वाक्य, पुढचं कात्रीत गेलेलं. पेशी वाढतात, का रडतात, का गावाला जातात, काही पत्ता नाही. पाठीमागं गादीची जाहिरात मात्र पूर्ण होती. मी म्हटलं, "मास्तर, पुढं काय आहे?" मास्तर म्हणाले, "पुढचं आपण समजून घ्यायचं असतं."

मग खालच्या मजल्यावरच्या शिंपीण वहिनी. हाताला टाचण्यांची गादी तशीच बांधलेली. त्या म्हणाल्या, "दादा, नुसती साखर काय घेऊन बसलात? पांढरं म्हणून जे जे आहे ते सगळं वाईट. दूध, मीठ, मैदा, लोणी, अंडं. माझ्या गिऱ्हाइकाच्या जावेनं पांढरं सोडलं आणि आता ती जिने चढते."

आमची ही पलंगावरून म्हणाली, "यांचे राहिलेले केस पांढरे आहेत. यांनाही बाहेर काढायचं का?"

कुणी हसलं नाही. गंभीर बाब होती.

आणि मग आला माझा मेहुणा. तू त्याला बघितलंयस, तो विमा विकतो आणि बोलतो असा की माणसानं आजच मरावं. हातात खोकं. खोक्यात यंत्र. रस काढायचं. "भाऊजी," म्हणाला, "शिजवलं की अन्न मेलं. मेलेलं खाऊन जिवंत माणूस कसा होणार? कच्चा रस! गाजर, बीट, पालक. तायडीला सकाळ, दुपार, संध्याकाळ." हे सांगताना त्याच्या डाव्या हातात तळलेल्या बटाट्याची पिशवी होती आणि तो ती संपवत होता. मी पिशवीकडं बघितलं तर म्हणाला, "मला कुठं काय झालंय?" जाताना त्यानं आमच्या घरातली साखर, लोणी, बिस्किटं, जॅम सगळं एका पिशवीत भरलं. "विष आहे, घरात नको," म्हणाला. आणि स्वतःच्या घरी घेऊन गेला. स्वतःच्या घरी!

दुसऱ्या दिवसापासून मी तुझं गिऱ्हाईक झालो. तुला वाटलं असेल, ह्यानं घोडा पाळला.

ते यंत्र पहिल्यांदा लावलं तेव्हा आधी विमानासारखा आवाज झाला, मग झाकण उडालं आणि मग अख्ख्या इमारतीची वीज गेली. भिंतीवर बीट असं उडालं होतं की खून झालाय असं वाटावं. मास्तर विजेच्या वस्तऱ्यानं दाढी करत होते, ते अर्ध्या दाढीचे खाली आले. मला वाटलं शिव्या घालतील. छे! म्हणाले, "बीट सालीसकट घातलंत ना? मग होणारच. साल काढायची." बघ म्हणजे, माणसाची अर्धी दाढी राहिली, पण सल्ला अर्धा राहिला नाही.

चार दिवसांनी मोरी तुंबली. नळवाल्याला बोलावलं. त्यानं तार घालून गाजराचा एवढा चोथा बाहेर काढला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "घरात कुणाला आहे?" त्याला मोरीवरून कळतं, बोल. म्हणाला, "रसानं काही होत नाही, साहेब. लसूण द्या. माझ्या आत्याला डॉक्टरांनी सोडून दिलं होतं. रोज उपाशीपोटी लसूण खायची."

"मग झाली बरी?"

"गेली की. पण जाईपर्यंत कधी सर्दी झाली नाही."

आणि खरंच सांगतो, त्या दिवशी मी लसूणही आणला. माणूस घाबरला की त्याला कुणीही काहीही विकावं. मी स्वतः गिऱ्हाइकाला दहा वेळा बजावतो, काटा तपासल्याशिवाय माल घेऊ नकोस. आणि इथं मी कुणाचाच काटा तपासला नाही.

ही तक्रारीचा शब्द काढायची नाही. मी पेला भरून न्यायचो, ती दोन घोट घ्यायची, डोळे मिटून गिळायची आणि म्हणायची, "उरलेला तुम्ही घ्या. टाकू नका, किती खटपट केलीत." मग मी घ्यायचो. म्हणजे हिशोब लाव. औषध तिचं, पीत होतो मी. थोड्याच दिवसांत माझे तळहात पिवळे पडले. मग नारिंगी. गिऱ्हाइकं सुट्टे पैसे माझ्या हातात द्यायचे सोडून टेबलावर ठेवायला लागली. मास्तरांनी जिन्यातल्या दिव्याखाली माझा हात धरला आणि म्हणाले, "तुमचं यकृत गेलं." असं, दूधवाला गेला म्हणावं तसं.

आणि वजन? मी दुकानातला चांगला काटा वर घरात नेऊन ठेवला होता. रोज सकाळी तिला उभी करायचो. रोज कमी. मी म्हटलं काट्यात खोट असेल. खोलून बघितला, तेल दिलं, वजनं ठेवून बघितली. काटा बरोबर. दुसरा आणला. तोही बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा काटा बरोबर निघाल्याचं मला वाईट वाटलं. ती वर उभी राहून माझ्या टकलाकडं बघत म्हणायची, "काय म्हणतोय?" मी म्हणायचो, "ठीक आहे, हलतोय जरा." तिला सगळं कळत होतं. काटेवाल्याची बायको आहे ती.

डोसचा दिवस आला. बाहेर चांगलं ऊन, आणि हिनं घातला लांब कोट. जाड, थंडीतला. मी म्हटलं, "हा कशाला?" म्हणाली, "तिथं पंख्याचं वारं लागतं." मी माझी वजनांची पेटी बरोबर घेतली. हॉस्पिटलनंतर मला एका दुकानात काटा तपासायला जायचं होतं. पेटी उचलली तर हलकी लागली. मला वाटलं, रसानं ताकद आली.

हसलास. बघितलं मी. ठीक आहे, एकदा माफ.

हॉस्पिटलात नर्सबाईंनी हिला काट्यावर उभं केलं. आणि काय सांगू तुला, वजन वाढलेलं! कोटाचा भार वजा धरूनही सकाळी घरी बघितलं होतं त्यापेक्षा चक्क दोन किलो जास्त. नर्सबाई म्हणाल्या, "छान. काय देता खायला?" झालं. मी रांगेकडं तोंड केलं आणि भाषणच ठोकलं. साखर, पांढरं, कच्चं, चोथा, साल. लोकं माना डोलवत होती. एक म्हातारा लिहून घ्यायला कागद मागत होता. मी नारिंगी हात हवेत हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, आता येऊ दे त्या डॉक्टरीणबाईंना.

आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात किडा शिरला.

दोन किलो? दोन तासांत? म्हणजे एकतर माझा घरचा काटा चुकीचा, नाहीतर हा. नवरा म्हणून मी जिंकलो होतो रे, पण काटेवाला म्हणून हरत होतो. शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी बसलो का? मी नर्सबाईंना म्हटलं, "बाई, तुमचा काटा चुकतोय."

त्या म्हणाल्या, "त्याच्यावर तपासणीचा शिक्का आहे."

"शिक्का काट्याच्या पाठीवर असतो, बाई. खोट पोटात असते."

"तक्रार असेल तर सहा नंबरची..."

"सहा नंबरला मांजर आहे! मी इथंच दाखवतो." आणि मी सगळ्यांसमोर जमिनीवर बसून पेटी उघडली. माझी स्वतःची पितळी वजनं आहेत त्यात, माझ्या बापानं वापरलेली, पुसून पुसून आरशासारखी. म्हटलं, एक-एक किलोची दोन वजनं ठेवतो, काटा काय बोलतो बघू.

पेटीत दोन खड्डे रिकामे. मखमलीवर नुसते गोल वळ.

"चोरी!" मी ओरडलो. "माझी वजनं चोरली कुणीतरी!" रांगेतला म्हातारा बिचारा स्वतःचे खिसे चाचपायला लागला.

तेव्हा पाठीमागून ही हळूच म्हणाली, "शोधू नका. माझ्याकडं आहेत."

आणि तिनं कोट उघडला. आत, अस्तराला, दोन्ही बाजूंना छोटे खिसे शिवलेले. सुंदर काम, टाका दिसत नव्हता. एकेका खिशात एकेक वजन. पितळ उघडं पडणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. चकाकत होतं.

मला आधी काय सुचलं माहितीय? मी विचारलं, "हे शिवलं कुणी?"

"शिंपीण वहिनींनी. त्यांना म्हटलं, डोस चुकला तर काय करू? त्या बसल्या बसल्या रडल्या आणि शिवून दिलं."

"पण का?"

ती खुर्चीत बसली. कोटाखाली काही उरलंच नव्हतं रे तिचं. म्हणाली, "डोस पुढं गेला असता तर सगळं लांबलं असतं. मला ते लवकर संपवायचंय. औषधाला मी भीत नाही, पण अजून महिनाभर ते गाजर... आणि तुम्हाला नाही तरी कसं म्हणू? भिंत पुसत होता, मोरी उपसत होता, एवढं कधी केलं होतं माझ्यासाठी?"

माझी मान खाली. भाषण ऐकणारी रांग आता छताकडं बघत होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना सगळं कळल्यावर त्या हिच्यावर चिडल्या, मग माझ्यावर चिडल्या, मग आमच्या दोघांवर एकदम. "हा काय खेळ आहे? ह्या वजनावर औषध मोजतो आम्ही! अंगाला झेपेल त्यापेक्षा जास्त गेलं असतं म्हणजे?" माझ्या बापाची वजनं, आणि त्यांनी खोटं माप दिलं असतं, तेही कुणाला? मग त्यांनी विचारलं, घरात काय काय खातात. मी सांगत गेलो आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटी म्हणाल्या, "हात दाखवा." बघितला. "हे गाजर आहे. तुम्हाला काही झालेलं नाही. त्यांना मात्र तुम्ही उपाशी ठेवलंय."

डोस दिला नाही. आठ दिवस पुढं. ज्याला आम्ही एवढे भीत होतो तेच झालं आणि ते मीच केलं होतं. पण त्यांनी एक केलं, चिठ्ठीबिठ्ठी काही न विचारता स्वतः आम्हाला त्या आहारवाल्या मॅडमकडं नेलं. दुसऱ्या इमारतीत खरंच होत्या त्या. आमच्या भाचीएवढी पोर. मी माझी सगळी यादी घेऊन बोलायला तोंड उघडलं, तर ती माझ्याकडं बघेचना. तिनं हिला विचारलं, "काकू, तुम्हाला काय खावंसं वाटतं?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मास्तरांनी नाही, मेहुण्यानं नाही, नळवाल्यानं नाही. आणि मी तर नाहीच नाही.

हिनं आधी माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "लोणी लावलेला ब्रेड. आणि आइस्क्रीम. थंड असलं की लोखंड लागत नाही."

"मग खा की."

मी म्हटलं, "अहो, साखर! लोणी पांढरं!"

ती पोर म्हणाली, "काका, सगळं अंगच साखरेवर चालतं. आपण बंद केली म्हणून गाठ उपाशी मरत नाही, आधी माणूस खंगतो. वर्षानुवर्षं नीट खाल्लं, भाज्या-फळं खाल्ली, दारू-तंबाखू लांब ठेवली तर हा आजार व्हायचा धोका कमी होतो, ते खरं. पण तो हिशोब लांबचा. उपचार चालू असताना आधी वजन टिकवायचं. अंडी, दूध, बटाटा, जे घशाखाली जाईल ते. अंडं मात्र पूर्ण उकडलेलं." मग म्हणाली, "हां, एक गोष्ट सध्या बंदच करा. ते घरचे कच्चे रस. ह्या औषधांत अंग नाजूक होतं, कच्च्यातनं काही लागलं तर भारी पडेल. आणि लसणाचा उपाशीपोटी मारा पण नको."

म्हणजे बघ. सगळ्या जगातलं सगळं चालतं. चालत नव्हतं ते एकच, आणि तेच मी रोज पेले भरभरून देत होतो.

येताना मेहुण्याच्या घरी गेलो. म्हटलं, "आमचं विष परत दे." तो म्हणाला, "भाऊजी, संपलं." यंत्र त्याच्या दारात ठेवून आलो. परवा ऐकलं की त्यानं ते दुसऱ्या एका पेशंटला नेऊन दिलं, विम्यासोबत.

आठ दिवस शिंपीण वहिनी रोज वर आल्या. पहिल्या दिवशी दाराशी उभ्या, हातात दुधा-लोण्यात घोटलेला बटाटा, झाकलेला. मी म्हटलं, "वहिनी, पांढरं ना?" त्या म्हणाल्या, "गप्प बसा दादा, वर मिरपूड घातलीय." मग आत बसल्या दोघी आणि गिऱ्हाइकांच्या मापांवर गप्पा मारत बसल्या. कुणाची कंबर किती वाढली, कोण पोट आत ओढून माप देतं. हसत होत्या. आणि हसता हसता वाटी रिकामी झाली. मी दारातनं बघत होतो.

वजन थोडं वाढलं. खरं वजन, मी कोट काढायला लावला होता. डोस मिळाला. पुढं काय होईल ते त्या डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत, मग मी कोण सांगणारा. काही दिवस नुसतं आइस्क्रीम जातं, काही दिवस तेही नाही. पुढचा डोस ह्याच आठवड्यात आहे.

आणि आता माझी पंचाईत ऐक. मी समोर बसलो की ती खात नाही. म्हणते, "तुम्ही माझ्या घासाकडं असं बघता जसं काट्याच्या सुईकडं. घास घशात अडकतो. खाली जा." म्हणून जेवायच्या वेळेला मला घरातून बाहेर काढतात आणि मी इथं बसून तुझी स्प्रिंग पिळतो. आज शिंपीण वहिनी लग्नाच्या कपड्यांत अडकल्यात. वर ती एकटी आहे, आणि एकटीला जेवण जात नाही.

तेव्हा तुझा काटा मी आज करून देतो, पैसे राहू देत. तू एवढं कर. वर जा. दार उघडंच आहे. हात धू, ब्रेड टेबलावर आहे, लोणी फडताळात. तिच्याबरोबर बसून तूही दोन घास खा. बाजारातलं काहीही सांग, कोण कुणाशी भांडलं, कुणी तुला फसवलं, थापा मारल्यास तरी चालतील. फक्त काय खाताय असं विचारू नकोस, आणि गाजराचं नाव काढू नकोस.

आणि खाली आलास की मला हळूच सांग, किती खाल्लं तिनं.